लाली गेली का? इंग्लंडमधल्या एका मशिदीत इशाची वेळ ठरवताना

हे प्रकरण इंग्लंडच्या मिडलंड्स भागातल्या एका मशिदीचं आहे. शहराचं आणि माणसांची नावं वगळली आहेत, ओळख पटेल असे तपशीलही गाळले आहेत. २०१३ ते २०१६ या काळात मी तिथल्या कमिटीचा चिटणीस होतो. नमाजच्या वेळांचा तक्ता छापून आणायचा आणि भिंतीवर लावायचा, हे माझं काम. त्यामुळे जे घडलं त्यात माझाही हात आहे, आणि जिथे मी चुकलो ते तसंच लिहिलं आहे.

पार्श्वभूमी

मी मूळचा रत्नागिरी जिल्ह्यातला. लहानपणी गावात इशाची, म्हणजे दिवसातल्या पाचव्या, रात्रीच्या नमाजची वेळ कधी कुणी कुणाला विचारली नाही. मगरिब, म्हणजे सूर्यास्ताची नमाज झाली, जेवणं उरकली, पाटी-पुस्तक घेऊन जरा बसलं की अजान व्हायची. आमच्या कोकणात सूर्य बुडाल्यावर सव्वा तासात, फार तर ऐंशी मिनिटांत, गडद काळोख होतो. मे असो की डिसेंबर, फरक पडतो तो दहा मिनिटांचा.

इशाची वेळ शफक मावळल्यावर लागते. शफक म्हणजे सूर्यास्तानंतर पश्चिमेला रेंगाळणारा संधिप्रकाश. आधी लाली असते, ती गेल्यावर पांढुरकी झाक उरते, मग तीही विरते. यातलं नेमकं काय मावळायला हवं यावर जुना मतभेद आहे. इमाम अबू हनीफा यांचं प्रसिद्ध मत पांढरी झाक जाण्याचं. त्यांचेच दोन मोठे शिष्य अबू यूसुफ आणि मुहम्मद, तसंच शाफई, मालिकी आणि हंबली मजहब, म्हणजे धर्मनियमांच्या परंपरा, म्हणतात की लाली गेली की पुरे. कोकणात या दोन्हींमध्ये थोड्याच मिनिटांचं अंतर पडतं, म्हणून तिथे हा मतभेद पुस्तकातच राहतो.

आमचं शहर साधारण साडेबावन्न अक्षांशावर आहे. २१ जूनला तिथे सूर्य रात्री ९ वाजून ३४ मिनिटांनी मावळतो आणि पहाटे पावणेपाचला उगवतो. मधल्या वेळात तो क्षितिजाखाली फार खोल जातच नाही. रात्री एक वाजून दहा मिनिटांच्या सुमारास, म्हणजे सर्वांत खोल असतानाही, तो जेमतेम १४ अंश खाली असतो. पांढरी झाक पूर्ण विरायला सूर्य साधारण १८ अंश खाली जावा लागतो असं बहुतेक तक्ते धरतात. म्हणजे साधारण १८ मेपासून २५ जुलैपर्यंत, जवळजवळ सत्तर दिवस, आमच्याकडे त्या हिशोबाने रात्र पुरी होतच नाही. उत्तरेच्या क्षितिजावर उजेडाची एक पट्टी रात्रभर सरकत राहते, संध्याकाळची पहाट होते.

जमातीत तीन तऱ्हेची माणसं होती. भरूच-सुरतकडचे गुजराती आणि मीरपूरकडचे पाकिस्तानी, दोघंही हनफी, म्हणजे अबू हनीफांच्या मजहबाचे. आणि आम्ही कोकणी, शाफई. अरबी समुद्रावरच्या जुन्या व्यापारामुळे आमच्या किनाऱ्यावर शाफई मजहब रुजला, तो इंग्लंडातही आमच्याबरोबर आला. आधी दोन वेगवेगळ्या घरांत नमाज व्हायची. २०१२च्या हिवाळ्यात सगळ्यांनी वर्गणी काढून एक जुनी इमारत घेतली आणि जमात एक झाली. हिवाळ्यात इशा संध्याकाळी लवकरच उरकते. कुणाला काही अडचण नव्हती.

प्रश्न

मे २०१३ उजाडला आणि एका भिंतीवर दोन तक्ते आले. दोन्ही मीच लावले. दोन्ही जुन्या ठिकाणांहून आले होते, एकाला नकार कसा द्यायचा हे मला कळेना. एका तक्त्याप्रमाणे जूनमध्ये इशा साडेदहाच्या पुढे लागत होती, दुसऱ्याप्रमाणे पावणेबाराच्या पुढे. कोणता तक्ता कोणत्या हिशोबाने काढला आहे हे दोन्हींवर लिहिलेलं नव्हतं. पहिली जमात, म्हणजे सामूहिक नमाज, दहा चाळीसला, दुसरी बाराला दहा कमी असताना. दोन जमाती, एकच सभागृह.

जूनमधली एक रात्र मला आजही स्वच्छ आठवते. आमच्यातले एक चाचा, वय चौऱ्याहत्तर, आयुष्यभर इथल्या लोखंडाच्या भट्टीत काम केलेले, पहिली जमात करून बाहेर पडत होते. चपलांच्या मांडणीपाशी वाकून एक बूट पायात घालत होते. इतक्यात विशीतला एक मुलगा आत आला. त्याने सलाम केला आणि अगदी आदबीने, काळजीने म्हणाला, "चाचा, तुमची इशा झालेली नाही. वेळ अजून लागलीच नाही." त्याने मोबाइलवरचा आकडा दाखवला. चाचा एका पायात बूट घालून तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "बाळा, म्हणजे इतक्या वर्षांच्या नमाजा गेल्या माझ्या?" मुलाला उत्तर सुचलं नाही. चाचांनी दुसरा बूट घातला आणि ते निघून गेले.

मी तिथून चार पावलांवर उभा होतो. काही बोललो नाही. दुसऱ्या दिवसापासून चाचा इशाला आले नाहीत.

यात रमजानही लागला, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात. तरावीह, म्हणजे रमजानमधली रात्रीची जादा नमाज, पहिल्या जमातीनंतर सुरू व्हायची आणि दुसऱ्या जमातीची माणसं दारात ताटकळत उभी. टॅक्सीवाले, रात्रपाळीचे, सकाळी सहाला कारखान्यात हजर होणारे, सगळ्यांची ओढाताण. ईद झाल्यावर कमिटीने ठरवलं की पुढचा उन्हाळा असा जाऊ द्यायचा नाही.

हा वाद आपल्या आधीचा आहे

पहिल्या बैठकीत सूर असा होता की हा परदेशात येऊन ओढवलेला नवा त्रास आहे. मौलानांनी तो समज तिथेच मोडला. मौलाना, म्हणजे आमचे इमाम, भरूचकडचे, शिक्षण इथल्याच दारुल उलूममधलं, म्हणजे धर्मशिक्षणाच्या शाळेतलं. त्यांनी जे सांगितलं त्याने खोलीतला ताण पुष्कळ उतरला, म्हणून ते जरा सविस्तर लिहितो.

सन ९२२ मध्ये बगदादच्या खलिफाचा दूत इब्न फदलान व्होल्गा नदीकाठच्या बुल्गार लोकांकडे पोचला. जागा साधारण ५५ अक्षांशावर. राजाच्या पदरी एक बगदादचा शिंपी होता, त्याच्याबरोबर इब्न फदलान तंबूत गप्पा मारत इशाच्या अजानची वाट पाहत बसला. अजान झाली, दोघं बाहेर आले, तर पहाट फुटलेली. अजान देणाऱ्या मुअज्जिनला विचारलं, ही कसली अजान? तो म्हणाला, फजरची, पहाटेच्या नमाजची. मग इशा? ती आम्ही मगरिबबरोबरच पढतो. आणि त्या मुअज्जिनने आणखी एक सांगितलं: पहाटेची नमाज हुकेल या भीतीने तो महिनाभर रात्री झोपला नव्हता. इब्न फदलान लिहितो, मगरिबला चुलीवर चढवलेलं भांडं शिजायच्या आत फजरची नमाज होते.

मौलाना हे सांगत होते तेव्हा रात्रपाळीला टॅक्सी चालवणारा एक जण हळूच म्हणाला, "तो मुअज्जिन म्हणजे मीच."

पुढे मध्य आशियातल्या हनफी विद्वानांपुढे बुल्गारांचा प्रश्न रीतसर आला: जिथे शफक मावळतच नाही तिथे इशा फर्ज, म्हणजे बंधनकारक, आहे का? ख्वारज्मच्या बक्कालींनी फतवा दिला की नाही, कारण वेळ हेच नमाज लागू होण्याचं कारण आणि ती वेळ येतच नाही. हनफी ग्रंथांत गोष्ट सांगितली जाते की हलवानी यांनी त्यांना भर सभेत विचारायला माणूस पाठवला: पाचातली एक नमाज गाळणारा काफिर होतो का? बक्कालींनी रोख ओळखला आणि उलट विचारलं: ज्याचे पाय घोट्यांसकट तोडले गेले आहेत त्याच्या वुजूचे (नमाजआधी हात-पाय-तोंड धुण्याचे) फर्ज चारांपैकी किती? तीन, कारण चौथ्याची जागाच उरली नाही. तसंच या नमाजचं.

उत्तर बिनतोड वाटतं, पण तिथे थांबणं बहुतेकांनी मान्य केलं नाही. पंधराव्या शतकात इब्नुल हुमाम यांनी त्यातला सांधा दाखवला: पाय नसणं आणि खूण नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शफक ही वेळ ओळखण्याची खूण आहे. खूण दिसली नाही म्हणून पाच नमाजांचा हुकूम उठत नाही. त्यांचा आधार सही मुस्लिम या हदीसच्या, म्हणजे प्रेषितांच्या वचनांच्या, संग्रहातली दज्जालची हदीस. दज्जाल म्हणजे अखेरच्या काळात येणारा फसवा. त्या काळात एक दिवस वर्षाएवढा असेल असं प्रेषितांनी सांगितल्यावर साथीदारांनी विचारलं, त्या दिवशी एका दिवसाच्या नमाजा पुरतील का? उत्तर आलं: नाही, अंदाज बांधा. या अंदाज बांधण्याला फिकहमध्ये, म्हणजे धर्मनियमांच्या शास्त्रात, तकदीर म्हणतात. एकोणिसाव्या शतकात व्होल्गाकाठच्याच काझानचे शिहाबुद्दीन मर्जानी यांनी शफक मावळली नाही तरी इशा फर्ज आहे हे दाखवायला स्वतंत्र ग्रंथच लिहिला. तो १८७० मध्ये काझानला छापला गेला. ज्यांच्या अंगणात हा प्रश्न दर उन्हाळ्यात येत होता त्यांच्यातूनच हे उत्तर आलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

कोणते पर्याय समोर होते

जमातीत एक अभियंता होते. त्यांना आम्ही एकच काम दिलं: २१ जूनच्या रात्रीसाठी प्रत्येक पद्धतीने इशा किती वाजता येते ते काढून द्या. त्यांनी फळ्यावर लिहिलेली यादी मी उतरवून घेतली होती.

ज्या शेवटच्या दिवशी १८ अंश मिळतात त्या दिवसाची वेळ पुढे चालवली, म्हणजे "सर्वांत जवळचा दिवस" धरला, तर रात्रीचा एक वाजतो. सूर्य १२ अंश खाली जाण्याची वेळ, जी लाली मावळण्याच्या जवळपासची म्हणून पुष्कळ ठिकाणी धरतात, रात्री ११ वाजून ४८ मिनिटं. मुस्लिम वर्ल्ड लीगच्या फिकह परिषदेने सुचवलेली ४५ अक्षांशाची पद्धत, म्हणजे त्या अक्षांशावर रात्रीच्या ज्या भागात इशा लागते तोच भाग आपल्या रात्रीला लावायचा, तर ११ वाजून ३४ मिनिटं. मक्केतल्यासारखी सूर्यास्तानंतर दीड तासाने धरली तर ११ वाजून ४ मिनिटं. रात्रीचे सात भाग करून पहिला भाग संपला की इशा, ही सातव्या हिश्श्याची पद्धत घेतली तर साधारण १० वाजून ३५ मिनिटं. आणि मगरिब व इशा जोडून पढायच्या तर पावणेदहालाच दोन्ही उरकतात.

पावणेदहापासून एकपर्यंत. एकाच शहरात, एकाच रात्री. फळ्याकडे बघत सगळे गप्प बसले.

कोकण्यांचा कल जोडून पढण्याकडे होता. "आपल्यात चालतं," असं दोघे-तिघे म्हणाले. मौलानांनी शांतपणे विचारलं, "कुठल्या कारणासाठी चालतं?" शाफई मजहबात प्रवासात आणि पावसात जोडता येतं. रोजच्या उन्हाळी इशाला ते सरसकट लागू होत नाही. सही मुस्लिममध्ये इब्न अब्बास यांची हदीस आहे की प्रेषितांनी मदिनेत भीती किंवा पाऊस नसतानाही नमाजा जोडल्या, उम्मतीला, म्हणजे अनुयायांना, अडचण होऊ नये म्हणून. काही शाफई विद्वानांनी त्यावरून गरजेपुरतं जोडायला मोकळीक दिली, पण अट घातली की त्याची सवय करू नये. सत्तर दिवस रोज जोडणं ही सवयच झाली. हनफी मजहबात तर हजमध्ये अरफात आणि मुजदलिफा सोडून जोडणं नाहीच. युरोपियन फतवा परिषदेने अशा उन्हाळ्यात जोडायची परवानगी दिली आहे हेही मौलानांनी लपवलं नाही. पण त्यांची स्वतःची गोष्ट त्यांनी साध्या शब्दांत सांगितली: "जी नमाज वेळेत आहे असं माझं मन मानत नाही, तिची इमामत मी करू शकत नाही."

त्या वाक्याचं वजन सगळ्यांना कळलं. जोडण्याचा पर्याय मुख्य जमातीसाठी तिथेच मागे पडला.

पहिला निर्णायक क्षण: आकाशाचा प्रश्न आणि हुकमाचा प्रश्न

आम्ही हिवाळाभर जे भांडत होतो त्यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले होते. आमच्याकडे शफक खरंच मावळते का, आणि मावळते तर कधी, हा एक प्रश्न. मावळत नसेल, किंवा फार उशिरा मावळत असेल, तर काय करायचं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर डोळ्यांनी बघायचं आहे, दुसऱ्याचं विद्वानांना विचारायचं आहे. मोबाइलवरचा आकडा दोन्हींची सरमिसळ करतो. चपलांच्या मांडणीपाशी त्या मुलाने चाचांना आकडा दाखवला तेव्हा आकाश आणि फतवा एकाच बोटाने दाखवला होता.

म्हणून ठरलं की आधी जाऊन बघायचं. यातही आम्ही पहिले नव्हतो. १९८७-८८ मध्ये ब्लॅकबर्नला उलेमांनी वर्षभर डोळ्यांनी शफक आणि पहाट पाहून नोंदी केल्या होत्या, आणि बर्मिंगहॅममध्ये छतावर कॅमेरा लावून पहाटेची छायाचित्रं घेण्याचं कामही झालं आहे. आमचं काम त्यापुढे अगदी लहान होतं. शनिवार, १० मे २०१४. शहरापासून दूर, दिव्यांचा उजेड नसलेल्या एका टेकडीवर आम्ही सात जण गेलो. मौलाना, अभियंता, मी, टॅक्सीवाला, दोन तरुण, आणि तिसरा तरुण तोच, चाचांना टोकणारा. त्याला मी मुद्दाम बोलावलं होतं.

सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळला. थंडी होती, थर्मासमधला चहा पुरत नव्हता. साडेनऊनंतर कुणी बोलेना, सगळे वायव्येकडे बघत होते. दहा पंचवीसला एक जण म्हणाला, गेली. दुसरा म्हणाला, अजून आहे, खाली बघ, ढगाच्या कडेला. मौलानांनी दहा पस्तीसला मान डोलावली. मग वही काढून प्रत्येकाने आपापली वेळ लिहिली. सात जणांच्या नोंदींत सर्वांत आधीची आणि सर्वांत उशिराची यांत वीस मिनिटांहून जास्त अंतर होतं. त्याच आकाशाखाली, खांद्याला खांदा लावून उभे असताना. पांढरी झाक तर त्यानंतरही बराच वेळ होतीच.

परतताना गाडीत तो मुलगा माझ्या शेजारी बसला होता. म्हणाला, "मी चाचांना मिनिटं दाखवली होती."

एवढंच म्हणाला. मीही त्यात काही भर घातली नाही.

दुसरा निर्णायक क्षण: बाजू उलटल्या

पुढच्या बैठकीत एक गोष्ट उघड झाली जी कुणाच्या लक्षात आली नव्हती. लाली धरली, म्हणजे शाफई मत आणि दोन्ही हनफी शिष्यांचं मत, तर आमच्याकडे २१ जूनलाही लाली मावळते. उशिरा, पावणेबाराच्या आसपास, पण मावळते. खूण आहे. मग अंदाज बांधायची मोकळीक उरत नाही. फार तर त्रासाचं कारण देता येतं. पण अबू हनीफांचं कडक मत, पांढरी झाक, धरलं तर मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत खूण येतच नाही. खूण नाही म्हणजे तकदीर करावीच लागते, आणि तकदीर करताना सातव्या हिश्श्याची पद्धत घेता येते. म्हणजे जो नियम सगळ्यांत कडक वाटत होता तोच लवकरच्या वेळेचं दार उघडत होता. आणि लवकर हवी म्हणणारे आम्ही शाफई, आमच्या मजहबाच्या व्याख्येनेच पावणेबाराला बांधलेले होतो.

ग्लासगो किंवा स्टॉकहोमच्या मशिदीत हा पेच असा येणार नाही. तिथे जूनमध्ये सूर्य १२ अंशही खाली जात नाही, त्यामुळे कोणत्याही हिशोबाने अंदाजच करावा लागतो. आमचं शहर बरोबर मधल्या पट्ट्यात आहे, जिथे एका मताने खूण आहे आणि दुसऱ्याने नाही. दुसऱ्या शहराचा तक्ता उचलून आणून चालत नाही तो यासाठी.

मौलानांनी आठवडाभर मुदत घेतली, आपल्या उस्तादांना विचारलं आणि येऊन सांगितलं की पांढऱ्या झाकेच्या मतावर, तकदीर म्हणून, सातव्या हिश्श्याच्या वेळेने ते इमामत करतील. त्यांचं मन मानत होतं.

काय केलं

१८ मे ते २५ जुलै या काळात मुख्य जमात सातव्या हिश्श्याच्या हिशोबाने ठेवली. २१ जूनच्या आसपास ती पावणेअकराला उभी राहायची. ज्यांना लालीच्या वेळेनेच पढायचं त्यांच्यासाठी वरच्या मजल्यावरची लहान खोली उघडी ठेवली, दिवे बंद न करता, कुणी हटकणार नाही अशी. एरवीच्या दिवसांत पांढरी झाक मावळण्याचा आधीचाच हिशोब. जोडून पढण्याबद्दल मौलानांनी जाहीर काही सांगितलं नाही. खरोखर अडचण असलेल्याने आपल्या मजहबाच्या आलिमाला, म्हणजे विद्वानाला, विचारावं, एवढंच.

एक तक्ता, आणि त्याच्या खाली पहिल्यांदाच तीन ओळी: वेळ कोणत्या पद्धतीने काढली, ती का निवडली, आणि दुसऱ्या मान्य मताने पढणाऱ्याची नमाजही नमाजच आहे. शेवटची ओळ मौलानांनी सांगितली, मी टाइप केली. ती मोठ्या अक्षरांत छापा असं ते दोनदा म्हणाले.

रमजानसाठी एक वेगळा निर्णय लागला. रात्रीचा शेवटचा सातवा हिस्सा धरला तर २१ जूनला फजर पावणेचारच्या सुमारास येते. पण त्यावर सहरी, म्हणजे रोजाआधीचं पहाटेचं जेवण, बंद करणं मौलानांना धोक्याचं वाटलं. म्हणून सहरी अडीचच्या सुमारास, १२ अंशांच्या हिशोबाने बंद करायची आणि फजरची जमात पावणेचारनंतर. अभियंत्यांनी हरकत घेतली: एकाच रात्रीच्या दोन टोकांना दोन वेगळ्या पद्धती कशा? हिशोब म्हणून ती हरकत बरोबर होती. मौलानांचं उत्तर होतं की रोजा बिघडू नये म्हणून तिकडे आधीची वेळ घ्यायची. पहाट फुटल्यावर खाल्लं गेलं तर रोजा जातो, फजर मात्र पावणेचारला पढली तरी ती वेळेत असणारच. मला ते पटलं. अभियंत्यांना पूर्ण पटलं नाही, तरी त्यांनीच तक्ता तपासून दिला.

रमजान जूनच्या शेवटी लागला. पहिल्या रात्री साडेनऊच्या पुढे इफ्तार, पावणेअकराला इशा, तरावीह संपायला बारा वाजले, आणि अडीचला सहरी बंद. झोप तरीही कमीच. पण दारात कुणी ताटकळत नव्हतं.

काय झालं

२०१६ मध्ये रमजान ६ जूनच्या सुमारास सुरू होऊन जुलैच्या पहिल्या आठवड्यात संपला, म्हणजे सर्वांत लहान रात्री सगळ्याच्या सगळ्या त्यात आल्या. व्यवस्था टिकली. वरच्या खोलीत रोज दहा-बारा जण असायचे, आणि त्यातले बरेचसे कोकणी, हे मला अपेक्षित नव्हतं. "आपल्यात लवकर चालतं" म्हणणाऱ्यांपैकीच दोघं, आपल्या मजहबात लाली धरतात हे कळल्यावर, वर जाऊन पावणेबारा वाजायची वाट बघत बसायचे. खालून तरावीहचं कुराण ऐकू यायचं, ते ऐकत.

तक्त्याखालच्या ओळींमुळे एक गोष्ट नक्की बदलली. "तुमची नमाज झाली नाही" हे वाक्य त्या इमारतीत मी पुन्हा ऐकलं नाही. ते बाहेर कुणी बोललं असेल, आत नाही.

एक अडचण राहिली ती अशी की १७ मेला इशा मध्यरात्रीनंतर आणि १८ मेला एकदम साडेदहाच्या आत. मुलं विचारायची, एका रात्रीत काय बदललं? आकाशात काहीच बदललेलं नसतं, बदलतो तो नियम लागू होण्याचा दिवस. दुसऱ्या वर्षी आम्ही १० मेपासून मुख्य जमात लालीच्या वेळेने घेऊन उडी लहान केली, पण पूर्ण गेली नाही.

आज करायचं झालं तर

दोन तक्ते मी भिंतीवर लावणार नाही. नकार द्यायची भीड पडली म्हणून मी दोन्ही लावले, आणि त्या भिडेची किंमत चाचांनी मोजली.

बैठका रात्री नवानंतर घेतल्या, म्हणजे ज्यांना रात्रपाळी होती ते आलेच नाहीत. बायकांना आम्ही विचारलंच नाही. नंतर एका भाभींनी सांगितलं की पावणेअकराची जमात पुरुषांच्या सोयीची आहे. त्यांना घरी मुलांना झोपवून, मग सहरीची तयारी करून, स्वतःची इशा कधी पढायची हे कुणी विचारात घेतलं नव्हतं. त्यांचा प्रश्न जोडून पढण्याचा होता, आणि "खरोखर अडचण असलेल्याने विचारावं" ही आमची ओळ त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती, कारण तक्ता पुरुषांच्या दालनात होता. बायकांच्या दालनात तो मी २०१५ मध्ये लावला. एक वर्ष उशिरा.

टेकडीवर एकदाच गेलो. निदान चार वेळा जायला हवं होतं, मार्च, एप्रिल, मे आणि ऑगस्टमध्ये, आणि दर वेळी वेगळी माणसं घेऊन. तिथे उभं राहिलेल्या सातही जणांनी त्यानंतर कुणाशी वेळेवरून वाद घातला नाही. आणखी वीस जण तिथे उभे राहिले असते तर बरं झालं असतं.

आणि सगळ्यात आधी, त्याच रात्री, मी चाचांच्या मागे जायला हवं होतं. रस्त्यापर्यंत. मी गेलो ते अकरा महिन्यांनी, निर्णय झाल्यावर, नवा तक्ता हातात घेऊन, त्या मुलाला बरोबर घेऊन. चाचांनी दोघांना आत बसवलं, चहा दिला. मुलाने माफी मागितली, त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. तक्ता वाचला, खालच्या तीन ओळी चष्मा लावून परत वाचल्या. म्हणाले, चांगलं केलंत.

हिवाळ्यात ते येतात. पहिल्या सफमध्ये, उजव्या टोकाला. मे लागला की इशा घरीच पढतात.